खांबावरची लढाई कागदावर कशी उतरली?

दोस्तांनो, आज आपण रोमला जाऊ या. तिकीट नको, पासपोर्ट नको. फक्त मान वर करून बघायची तयारी हवी, कारण आपल्याला एक खांब बघायचा आहे.

रोम ही इटलीची राजधानी. शहराच्या मध्यभागी व्हेनेझिया चौक आहे. गाड्यांची तिथं ही वर्दळ! चौकाच्या जवळच पडक्या खांबांच्या रांगा दिसतात, आणि त्या पडझडीत एकच संगमरवरी खांब ताठ उभा आहे. हा सम्राट ट्रेजनचा विजयस्तंभ. इ. स. ११३ मध्ये तो पुरा झाला. चौथऱ्यासकट त्याची उंची सुमारे ३५ मीटर, म्हणजे दहा-अकरा मजली इमारतीएवढी. खांब आतून पोकळ आहे आणि त्यात १८५ पायऱ्यांचा गोल जिना आहे.

पण खरी गंमत बाहेर आहे. लाटण्याला रिबीन गुंडाळावी, तशी या खांबाभोवती कोरीव चित्रांची एक पट्टी खालून वर गेली आहे. तिचे २३ वेढे आहेत. पट्टी सोडवून जमिनीवर अंथरता आली असती, तर ती सुमारे १९० मीटर भरली असती. शाळेच्या खेळांत तुम्ही २०० मीटर धावता ना, त्याहून थोडी कमी! तिच्यावर अडीच हजारांहून जास्त माणसं कोरली आहेत. एकटा ट्रेजनच साठेक वेळा दिसतो.

ही गोष्ट आहे डेशियाच्या लढायांची. डेशिया म्हणजे साधारण आजचा रोमानिया. तिथला राजा डेसिबॅलस. ट्रेजननं त्याच्यावर दोनदा स्वारी केली, इ. स. १०१-१०२ मध्ये आणि पुन्हा १०५-१०६ मध्ये. दुसऱ्या स्वारीत डेशियाचं राज्य बुडालं. तिथली लूट रोमला आली आणि त्या पैशातून ट्रेजननं इथं मोठा चौक बांधला. त्यातच हा खांब उभा राहिला.

लढाईची गोष्ट म्हणजे नुसती मारामारी असेल, असं तुम्हाला वाटेल. पण तसं नाही. खांबावरचे रोमन शिपाई लढण्यापेक्षा कामंच जास्त करतात. झाडं तोडतात, दगड वाहतात, तटबंदी रचतात, होड्या जोडून डॅन्यूब नदीवर पूल करतात. आणि नदीचा दाढीवाला देव पाण्यातून अर्धा वर येऊन हे सगळं बघतो आहे! एका ठिकाणी जखमी शिपायाच्या मांडीला पट्टी बांधणं चाललं आहे. दुसऱ्या ठिकाणी शिपायांनी डोक्यावर आणि बाजूंना ढाली धरल्या आहेत आणि तो सगळा घोळका किल्ल्याच्या भिंतीकडे सरकतो आहे. रोमन लोक या रचनेला कासवच म्हणत.

याच काळातली आपल्याकडची एक नोंदही सांगून ठेवते. कॅसिअस डिओ या जुन्या इतिहासकारानं लिहिलं आहे, की ट्रेजन डेशिया जिंकून परत आल्यावर त्याच्याकडे दूरदूरच्या देशांचे वकील आले, आणि त्यांत हिंदुस्थानचे वकीलही होते.

मान दुखली की नाही?

आता अडचण बघा. पहिले तीन-चार वेढे नीट दिसतात. त्याच्या वर मात्र नुसती गर्दी दिसते. कोण ट्रेजन, कोण शिपाई, कोण कैदी, काही कळत नाही. शिवाय गोष्ट वाचायची तर खांबाभोवती गोल गोल फिरावं लागतं. तेवीस प्रदक्षिणा! आणि एवढं करून वरची चित्रं दिसतच नाहीत.

पंधराव्या आणि सोळाव्या शतकांत इटलीतल्या चित्रकारांना, विद्वानांना, राजांना जुन्या रोमचं वेड लागलं होतं. या काळाला आपण प्रबोधनकाल म्हणतो. रोमनांसारखी घरं बांधावीत, त्यांच्यासारखं लॅटिन लिहावं आणि त्यांच्यासारखं लढावं, असं सगळ्यांना वाटे. पण रोमन सैनिक दिसायचा कसा? हजार वर्षांपूर्वीच ते सैन्य संपलेलं. त्याचं रूप उरलं होतं ते नाण्यांवर, कमानींवर, थडग्यांच्या दगडांवर आणि या खांबावर.

मग काही धाडसी लोक पुढे आले. बोलोन्या गावचा याकोपो रिपांदा नावाचा चित्रकार सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला दोरखंडांची यंत्रं लावून खांबाभोवती फिरला आणि चित्रं उतरवून घेतली. जीव धोक्यात घालून त्यानं हे केलं, असं त्याच काळातल्या एका विद्वानानं लिहून ठेवलं आहे. पुढे जिरोलामो मुत्सियानो या चित्रकारानं खांबाची चित्रं तयार केली. ती घेऊन आल्फोन्सो चाकोन या स्पेनच्या विद्वान साधूनं १५७६ मध्ये रोमला एक पुस्तक छापलं. त्यात १३० मोठे चित्रपट्टे होते. गोल गोल फिरणारी दगडी पट्टी आता सरळ होऊन पानापानांवर आली. पॅरिसमधला किंवा माद्रिदमधला माणूस खुर्चीत बसून, मान न दुखवता, अख्खी लढाई बघू लागला.

बटाट्याचा ठसा आणि डावखुरी पलटण

ही चित्रं छापायची कशी? त्यासाठी एक प्रयोग करा. बटाटा मधोमध कापा. कापलेल्या बाजूवर 'क' हे अक्षर ठेवून बाकीचा भाग खरवडून काढा. (सुरी चालवताना घरातलं मोठं माणूस जवळ असू द्या.) अक्षराला शाई लावून कागदावर दाबा. काय झालं? 'क' उलटा आला ना? आरशात दिसतो तसा!

लाकडी ठसा असाच असतो. उंच राहिलेल्या भागाला शाई लागते. तांब्याच्या पत्र्याचं काम याच्या नेमकं उलट. कारागीर पोलादाच्या टोकदार हत्यारानं पत्र्यावर बारीक रेघा कोरतो. मग पत्र्यावर शाई चोपडतो आणि वरवरची पुसून टाकतो. रेघांच्या खाचांत शाई उरते. त्यावर ओलसर कागद ठेवून पत्रा दोन जड रुळांमधून दाबून काढला, की कागद खाचांतली शाई ओढून घेतो. झालं चित्र! अशा छापील चित्राला मुद्राचित्र म्हणतात. तांब्याच्या रेघा केसासारख्या बारीक काढता येत, म्हणून चिलखताची खिळीसुद्धा दाखवता येई. एका पत्र्यातून शेकड्यांनी प्रती निघत.

लाकूड असो की तांबं, चित्र उलटं येणारच. आणि इथंच घोटाळा होई. रोमन शिपाई तलवार उजव्या हातात धरी आणि ढाल डाव्या हातात. कारागिरानं समोरचं चित्र जसंच्या तसं पत्र्यावर कोरलं, की कागदावर तोच शिपाई डावखुरा होऊन येई. जाणता कारागीर आधीच उलटं कोरून ठेवी. पण घाईघाईनं केलेल्या नकलेत सबंध पलटणच डावखुरी व्हायची! आणि त्या नकलेचीही कुणी नक्कल केली, तर पलटण पुन्हा सरळ.

आणखी एक अडचण होती. खांबावरच्या बऱ्याच शिपायांचे हात रिकामे आहेत. त्यांची शस्त्रं बहुधा धातूची बसवलेली किंवा रंगानं काढलेली होती. काळाच्या ओघात ती गेली. मग चित्रकारापुढे प्रश्न उभा राहतो. या मुठीत काय होतं, भाला की तलवार? रिकामी मूठ दाखवावी, की आपल्या मनानं शस्त्र द्यावं?

चिलखताचंही तसंच. खांबावर शिपायांच्या अंगावर आडव्या पट्ट्यांचं चिलखत दिसतं. पट्ट्या लोखंडाच्या की कातड्याच्या? एकमेकींना जोडल्या कशा? दगडावरून ते सांगणं कठीण. या कोड्याचा मोठा उलगडा झाला तो थेट १९६४ मध्ये. इंग्लंडमधल्या कॉर्ब्रिज इथं उत्खननात एक लाकडी पेटी सापडली. तिच्यात खऱ्या रोमन चिलखताच्या लोखंडी पट्ट्या होत्या. तेव्हा कुठे अभ्यासकांना असं चिलखत जोडून बघता आलं.

चित्रांचं दुकान

खांबापासून पश्चिमेकडे चालत गेलं, की नवोना चौक लागतो. त्याच्याजवळच्या पारिओने भागात सोळाव्या शतकात आंतोनिओ लाफ्रेरी याचं दुकान होतं. मूळचा तो आजच्या फ्रान्समधल्या भागातला, पण रोमला येऊन चित्रांचा छापखानदार झाला. जुन्या रोमच्या कमानी, देवळं, पुतळे, खांब, मिरवणुका या सगळ्यांची सुटी चित्रं त्याच्याकडे मिळत. प्रवासी येत आणि हवी ती पानं निवडून घेत. पुढे त्यानं एक मुखपृष्ठही छापलं. त्याचं नाव 'रोमच्या वैभवाचा आरसा'. आपण निवडलेली पानं त्याखाली बांधून घ्यायची, की झाला आपला अल्बम. तुमच्या तिकिटांच्या वहीसारखंच! म्हणून आज जगातल्या ग्रंथालयांत या 'आरशा'च्या ज्या प्रती आहेत, त्या एकीसारखी दुसरी नाहीत. लाफ्रेरीचा हा धंदा रोममध्ये चालू होता, त्याच सुमारास, १५५६ मध्ये, आपल्या गोव्यात हिंदुस्थानातला पहिला छापखाना आला.

या चित्रांत हत्तीसुद्धा होते. मांतुआ गावचा थोर चित्रकार आंद्रेआ मांतेन्या यानं पंधराव्या शतकाच्या अखेरीस ज्यूलियस सीझरच्या विजययात्रेची नऊ भली मोठी चित्रं काढली. आज ती इंग्लंडमध्ये हॅम्प्टन कोर्ट या राजवाड्यात आहेत. त्यांतल्या हत्तींचं दृश्य तांब्यावर कोरून छापलं गेलं. पुढे १५९९ मध्ये आंद्रेआ आंद्रेआनी या कारागिरानं ही यात्रा अनेक लाकडी ठशांनी, एकावर एक रंगछटा देत छापली. आणि योगायोग बघा. १५१४ मध्ये पोर्तुगालच्या राजानं पोपला एक पांढरा हत्ती भेट दिला. तो हिंदुस्थानातून लिस्बनमार्गे आलेला होता. नाव त्याचं हानो. रोमच्या रस्त्यांवरून त्याची मिरवणूक निघाली, तेव्हा केवढी झुंबड उडाली असेल! चित्रकारांनी त्याला बघून चित्रं काढली. बिचारा हानो मात्र दोनच वर्षांत मेला.

सगळीच चित्रं मिरवणुकीची नव्हती. आंद्रेआ पाल्लादिओ हा त्या काळातला नामांकित वास्तुकार. सीझरनं आपल्या लढायांचं जे पुस्तक लिहिलं, त्याची एक सचित्र आवृत्ती त्यानं १५७५ मध्ये व्हेनिसला छापली. त्यातली लढाई पक्ष्याच्या नजरेनं दिसते. खाली नद्या, डोंगर, तळ आणि सैन्याचे छोटे छोटे चौकोन. एकेक शिपाई मुंगीएवढा. कोण कुठून आलं, कोणी कुणाला घेरलं, सारं समजतं. पण या पुस्तकामागे एक दुःख आहे. ही चित्रं तयार करायला पाल्लादिओनं आपल्या दोन मुलांना, लिओनिदा आणि ओराझिओ यांना, बसवलं होतं. १५७२ या एकाच वर्षात दोघंही गेले. म्हाताऱ्या बापानं मुलांचं अर्धं राहिलेलं काम हाती घेतलं आणि पुरं करून छापलं.

अशी पुस्तकं राजे आणि सेनापतीही वाचत. १५९५ मध्ये युस्टस लिप्सिअस या विद्वानाचा रोमन सैन्यावरचा ग्रंथ अँटवर्पला छापला गेला. त्याच दशकात हॉलंडमध्ये मॉरिस या सेनापतीनं जुन्या ग्रंथांवरून आपल्या शिपायांना रांगेत उभं राहायला, हुकमाबरोबर एकदम हालायला शिकवलं. १६०७ मध्ये त्याच्या कवायतीचं चित्रांचं पुस्तकही निघालं. एकेका चित्रात शिपायाची एकेक हालचाल! मैदानावर 'सावधान, विश्राम' ऐकताना लक्षात ठेवा, या शिस्तीची एक मुळी तिथवर जाते.

खरी लढाई आली तेव्हा

आता टायबर नदी ओलांडून व्हॅटिकनमध्ये चला. इथं पोपच्या महालात राफाएलनं आणि त्याच्या शिष्यांनी रंगवलेल्या खोल्या आहेत. एका दालनाच्या भिंतीवर रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनची लढाई आहे. ती झाली इ. स. ३१२ मध्ये, मिल्व्हिअन पुलाजवळ. राफाएल १५२० मध्ये वारला. त्याच्या कल्पनेवरून शिष्य जुलिओ रोमानो यानं हे चित्र पुरं केलं. घोडे उधळले आहेत, भाले मोडले आहेत, माणसं नदीत पडत आहेत. इतका गोंधळ, तरी चित्र देखणं!

राफाएलची चित्रं तांब्यावर कोरणारा मोठा कारागीर होता मार्कांतोनिओ राइमोंदी. त्याच्याबरोबर काम करणारा मार्को देंते. मार्को देंतेनं १५२० मध्ये कोरलेली एक लढाई आजही संग्रहालयांत बघायला मिळते. ढाली, भाले, कोसळणारे घोडे, अगदी खांबावरच्यासारखी दाटी. रोजच्या रोज ही माणसं निवांत खोलीत बसून रोमन युद्ध कोरत होती.

आणि ६ मे १५२७ ला खरं युद्ध दाराशी आलं. पाचवा चार्ल्स हा तेव्हाचा सम्राट. त्याची पदवी काय होती माहीत आहे? रोमन सम्राट! त्याच रोमन सम्राटाच्या, पगार थकलेल्या, उपाशी फौजेनं रोमवर हल्ला केला आणि शहर लुटलं. पोप पळून सांत आंजेलोच्या किल्ल्यात लपला. तो किल्लाही मूळचा एका रोमन सम्राटाची कबर, ट्रेजननंतर आलेल्या हेड्रिअनची. गल्ल्यागल्ल्यांत लोक मारले गेले. राइमोंदीला सुटकेसाठी खंडणी भरावी लागली. होतं नव्हतं ते गेलं, भिकेला लागल्यासारखा तो रोम सोडून गेला, असं त्याच शतकातला चरित्रकार वासारी सांगतो. मार्को देंते तर त्या लुटीतच मारला गेला, असं म्हणतात.

शिपायांनी महालांच्या भिंतींवरही ओरखडे काढले. राफाएलच्या एका भित्तिचित्रावर तेव्हा खरवडलेलं ल्यूथर हे नाव अजून दिसतं. चित्रातल्या शिपायाचा भाला कधी कुणाला लागत नाही. खऱ्या शिपायाच्या हातातलं टोक मात्र चित्रालाही सोडत नाही.

चित्रात कोण नाही?

चाकोनच्या पुस्तकाची शेवटची पानं उलटू या. पाठीमागे रोमन घोडेस्वार लागले आहेत. राजा डेसिबॅलस एका झाडाखाली गुडघ्यावर कोसळला आहे. शत्रूच्या हाती जिवंत सापडायचं नाही म्हणून त्यानं वाकडा सुरा स्वतःच्याच गळ्याला लावला आहे. त्यानंतर गुरंढोरं घेऊन गाव सोडून चाललेली माणसं दिसतात, आणि गोष्ट संपते.

ट्रेजननं या लढायांवर स्वतः एक पुस्तक लिहिलं होतं. त्यातलं आज एकच वाक्य उरलं आहे. आणि डेशियाच्या लोकांनी लिहिलेलं पुस्तक? ते एकही नाही. त्यांचा खांब नाही, त्यांच्या चित्रकाराचं नाव नाही. आपल्याला त्यांचा राजा दिसतो, तो त्याला हरवणाऱ्यांनी कोरलेला. छापखान्यांनी हीच चित्रं शेकड्यांनी काढून गावोगाव पोचवली. हजारो लोकांनी ती पाहिली, पण सगळ्यांनी पाहिली ती जिंकणाऱ्याच्या बाजूनं.

म्हणून ती टाकाऊ आहेत का? मुळीच नाही. ऊन-पाऊस आणि गाड्यांचा धूर यांनी खांबावरचे काही बारकावे झिजले आहेत. १८६१-६२ मध्ये फ्रान्सच्या सम्राटानं खांबाचे साचे काढवले. त्यांवरून झालेली प्लॅस्टरची प्रत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात दोन तुकड्यांत उभी आहे. दगडावर जे पुसट झालं, ते अशा प्रतींमध्ये शिल्लक आहे. नक्कल करणाऱ्यांचे आपल्यावर उपकारच आहेत. आणि पट्टीवर ज्या अनामिक शिल्पकारांनी छिन्नी चालवली, त्यांनी हरलेल्या डेशियन माणसांचे चेहरेही मनापासून कोरले, हेही विसरायला नको.

फक्त एक सवय लावून घ्या. लढाईचं कुठलंही चित्र, मग ते इतिहासाच्या पुस्तकात असो, वर्तमानपत्रात असो की टीव्हीच्या पडद्यावर, समोर आलं की त्याला तीन प्रश्न विचारा. हे कुणी काढायला सांगितलं? काढणारा कुठे उभा होता? आणि या चित्रात कोण नाही? उद्या इतिहासाच्या तासाला एखादं चित्र निवडा आणि हे प्रश्न विचारून बघा. उत्तरं शोधताना तुमच्या सरांची आणि बाईंचीसुद्धा तारांबळ उडेल, हे मी खात्रीनं सांगते!